चिमुकल्या मोटारींचा फेरफार

बाभुळगावातल्या आमच्या घराच्या माडीवर टिनाचे छप्पर आहे, आणि वैशाखातल्या दुपारी त्या टिनाखाली ठेवलेल्या पितळी घंगाळाला हात लागला तर चटका बसून तो मागे घ्यावा लागतो. अशा जागी काचेच्या कपाटात मोटारींच्या चिमुकल्या प्रतिकृती मांडून ठेवण्याचा अविचार माझ्या हातून झाला नसता, तर प्रस्तुत विषयाच्या वाटेला मी बहुधा गेलोच नसतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मृगाच्या सरी पडून गेल्यावर कपाट उघडले, तेव्हा पुतण्याने पुण्याहून आणून दिलेली रेझिनची एक निळी मोटार तीन चाकांवर उभी आणि चौथे चाक अधांतरी अशा अवस्थेत आढळली. तिच्या शेजारच्या जस्ताच्या मोटारीच्या बॉनेटवर केसाएवढी बारीक भेग दिसली. आणि खालच्या फळीवरच्या एका गाडीचे मऊ टायर ज्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बैठकीवर टेकले होते, त्या बैठकीला चार चिकट खळगे पडलेले होते. तहसील कचेरीत उभा जन्म काढलेल्या माणसाने अशा प्रसंगी जे करावे तेच मी केले. कागद घेतला आणि पंचनामा लिहिला.

पंचनाम्याचा एक गुण असा की, तो माणसाला उपायाची घाई करू देत नाही. वस्तू कोठे, कशी, कोणत्या स्थितीत आढळली हे आधी लिहावे लागते, आणि ते लिहीत असतानाच माझ्या ध्यानात आले की, तिन्ही मोटारी ‘बिघडल्या’ असे आपण एका दमात म्हणत असलो तरी तिघींच्या बिघाडाची कुळे वेगळी आहेत. चरकसंहितेत निदानस्थान आधी येते आणि चिकित्सास्थान पुष्कळ नंतर. या छंदात मात्र भेटेल तो जाणकार पहिल्याच वाक्यात ‘गरम पाण्यात बुडवा’ किंवा ‘फेव्हीक्विक लावा’ असे सांगून मोकळा होतो, आणि त्या उपायांनी जितक्या मोटारी सुधारल्या असतील त्याहून अधिक कायमच्या कामातून गेल्या असाव्यात असा माझा समज आहे. वाकणे तीन प्रकारचे: बाहेरच्या आघाताने आलेले, उष्णतेने आलेले, आणि द्रव्याच्या पोटातल्या दोषाने आपोआप आलेले. पहिले हाताने सुधारते, दुसरे युक्तीने सुधारते, तिसरे सुधारत नाही. एवढे कळल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतोच, तो असा की, सुधारता येते म्हणून सुधारावे काय, आणि सुधारावे तर कोठवर. त्याचे उत्तर मला कोणा छांदिष्टाकडून न मिळता तलाठ्याच्या दफ्तरातून मिळाले, ते यथावकाश सांगतो.

तत्पूर्वी या वस्तूंची जातकुळी थोडी सांगितली पाहिजे. संग्राहकांत सर्वांत रूढ असलेले १:४३ हे प्रमाण वरकरणी विचित्र दिसते, पण त्याचा उगम खेळण्यातल्या आगगाडीत आहे: इंग्लंडात ‘ओ’ गेजच्या आगगाड्या एका फुटाला सात मिलिमीटर या मापाने करीत, आणि त्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला ज्या मोटारी लागत त्यांनाही तेच माप लागू झाले. या मापात आपली अँबॅसडर, जिची खरी लांबी सुमारे ४.३ मीटर, ती दहा सेंटिमीटरांत मावते. १:१८ मध्ये ती वीतभराहून किंचित मोठी होते आणि १:६४ मध्ये बोटाएवढी. हे गणित दुरुस्ती करणाराने सदैव मनात वागवावे, कारण १:४३ च्या मोटारीवर एक दशांश मिलिमीटर जाडीचा रंग चढवला तर खऱ्या मोटारीवर तो चार मिलिमीटरांहून जाड लेप झाला. त्यात दारांच्या फटी बुजतात, बोधचिन्हे बुडतात आणि मोटार पाकातल्या चिरोट्यासारखी दिसू लागते.

फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून ‘डिंकी टॉइज’ हे नाव रूढ केले. लंडनच्या लेस्नी कंपनीचे जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती आणि त्या नियमापायी १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ मोटारी जन्मास आल्या, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९५६ मध्ये कॉर्गीने खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक बसवले, १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने ‘हॉट व्हील्स’ आणली, आणि १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या कारखान्याला टाळे लागले. आपल्या देशाशी या इतिहासाचा सांधा कलकत्त्यात जुळतो. डिंकीचे वापरून जुने झालेले काही साचे साठीच्या दशकाच्या अखेरीस तिकडे आले आणि त्यांतून निघालेल्या मोटारी ‘निकी टॉइज’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. मॅक्सवेल आणि मिल्टन ही त्याच शहरातली आणखी दोन नावे. पुढे ऐंशीच्या दशकात ब्लो प्लास्ट कंपनीने मॅटेलच्या सहकार्याने ‘लिओ’ नावाखाली हॉट व्हील्स काढल्या. निकीच्या मोटारींच्या कडा बोथट असतात, रंग जाड असतो आणि कधी कधी त्या रंगाचा ओघळ जसाच्या तसा वाळलेला सापडतो. नवखा दुरुस्तीवाला नेमका तोच ओघळ पॉलिश पेपरने घासून काढतो! वास्तविक तो ओघळ म्हणजे त्या मोटारीचा जन्मदाखला होय; झिजलेल्या साच्यातून, घाईच्या हातातून ती निघाली, हे सांगणारा दुसरा कागद तिच्याजवळ नसतो.

आमच्या भागातल्या पोरांच्या वाट्याला या मोटारी फारशा आल्या नाहीत. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी आणि तारेची मोटार, एवढेच आमचे वाहनवैभव; धांडा मोडला तर नवा धांडा, तार वाकली तर दगडाने ठोकून सरळ. परंतु दुरुस्तीच्या प्रश्नाचा विचार करताना मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू याच मुलखातली आहे, आणि तीही चाकांवरच चालते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडी बैल सजवून ओढत नेतात आणि घरोघर बोजारा गोळा करतात. आमच्या घरचा बैल आजोबांच्या वेळचा. त्याची चाके माझ्या देखत तीनदा बदलली, एक शिंग सुताराने नवे बसवले, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याच्यावर पांढऱ्या तैलरंगाचा हात फिरतो, म्हणून त्याच्या नाकपुड्या आता जवळजवळ बुजल्या आहेत. तरीही हा ‘तोच’ बैल नव्हे असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत घडलेली लाकडी खेळणी घ्या किंवा देवळातल्या मूर्तींचे शेंदूरलेपन घ्या, वारंवार नूतन करीत राहणे हीच ज्यांची मूळ स्थिती अशा वस्तूंचा आपल्याकडे तोटा नाही. चिमुकली मोटार या वर्गात बसते काय, की ती दस्तऐवजांच्या वर्गात बसते, यावर पुढचा सारा व्यवहार अवलंबून आहे.

आता निदानाकडे. आघाताने वाकलेली मोटार ओळखणे सोपे: ज्या जागी मार बसला तेथे रंग उडालेला असतो आणि बाकीचा देह सरळ असतो. या मोटारींचे शरीर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, ज्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम असते. जर्मन भाषेतील चार धातूंची आद्याक्षरे जुळवून त्याला ‘झमाक’ म्हणतात. दाबाखाली साच्यात ओतलेला हा धातू पत्र्यासारखा वागत नाही, आणि ही गोष्ट मला बसस्टँडजवळच्या एका डेंटरने एका वाक्यात शिकवली. नातवाचा पाय पडून छप्पर एका बाजूला बसलेली एक मोटार मी त्याच्याकडे नेली होती, आणि तो खऱ्या मोटारींचे दरवाजे हातोडीने सरळ करतो तशी हीही करील अशा भाबड्या विश्वासाने ती त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती तळहातावर घेतली, नखाने वाजवून पाहिली आणि म्हणाला, “काकाजी, हे पत्रा नोहे. हे कार्बोरेटरच्या जातीचं हाये. याले ठोकलं का तुटलं.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पत्रा ताणला जातो, ओतीव जस्त ताणले जात नाही. ते किंचित वाकते आणि परत वाकवू जाता कडकन् मोडते. शुद्ध जस्त शंभर ते दीडशे अंशांच्या दरम्यान नरम होते ही गोष्ट धातुशास्त्राला परिचित आहे, आणि मिश्रधातूही ऊब मिळाल्यावर थोडा समंजस होतो. म्हणून त्या डेंटरने केस वाळवायच्या यंत्राने छप्पराचा खांब आधी चांगला शेकला, आतून लाकडाची गुळगुळीत पाचर दिली, आणि हातोडीला न शिवता केवळ अंगठ्याच्या दाबाने, एका वेळी एक रेसभर, मध्ये मध्ये पुन्हा शेकत, तो खांब अर्ध्या तासात वर आणला. पूर्ण वर आणला नाही. “थोडं राहू द्या,” तो म्हणाला, “आता जोर केला तं हातात येईन.” मला वाटते, दुरुस्तीच्या कलेतले हे सर्वांत अवघड वाक्य आहे, आणि ते उच्चारण्याचे धैर्य नसल्यामुळेच पुष्कळ मोटारींचे खांब मोडतात.

मोडलाच खांब, तर काय? कथिल-शिशाचा नेहमीचा डाग १८३ अंशांना वितळतो आणि झमाक पावणेचारशेच्या पुढे, तेव्हा झाळकाम करता येईल असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात जस्तावरचा भस्माचा थर डागाला धरू देत नाही आणि बारीक खांब पाहता पाहता गोळा होऊन बसतो. त्यापेक्षा दोन्ही टोकांना सुईएवढी भोके पाडून त्यात तारेचा तुकडा घालावा आणि अराल्डाइटने सांधावे. एम-सील ही वस्तू आमच्याकडे पाण्याच्या टाकीपासून देवघरापर्यंत सर्वत्र वापरली जाते, पण तिचा उपयोग मोटारीच्या पोटाखाली, जेथे दृष्टी जात नाही तेथेच करावा.

उष्णतेचा प्रश्न मात्र विदर्भात राहणाऱ्याने विशेष विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण ज्या देशांत या प्रतिकृती कल्पिल्या गेल्या तेथे पंचेचाळीस अंशांची दुपार हा अपवाद आहे आणि येथे ती मे महिन्याची वहिवाट आहे. त्यातही उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आत किंवा टिनाच्या छपराखाली पारा याहून कितीतरी वर जातो. जस्ताला याचे काही वाटत नाही. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास आपला ताठपणा सोडते, म्हणून तेही बहुधा तग धरते, मात्र साच्यात घाईने गोठवलेले असेल तर त्याच्या अंगातला कोंडलेला ताण त्याहून पुष्कळ आधी डोके वर काढतो. हल्ली घरोघरी यंत्रावर छापून काढतात ते पीएलए नावाचे प्लॅस्टिक साठ अंशांच्या सुमारासच मऊ पडते. त्याची मोटार गाडीच्या काचेमागे ठेवून लग्नाला गेलेला माणूस परत येऊन पाहतो तो तिचा आकार जिलबीसारखा झालेला. आणि गेल्या दोन-तीन दशकांत मोठ्या हौसेने विकत घेतल्या जाणाऱ्या रेझिनच्या मोटारींचे द्रव्य एकाच जातीचे नसल्यामुळे त्यांतल्या काही आमच्या उन्हाळ्यात सुरक्षित राहतात आणि काही राहत नाहीत.

माझी निळी मोटार न राहिलेल्यांपैकी होती. तिच्यावर मी जे प्रयोग केले ते सविस्तर सांगतो, कारण पहिला प्रयोग चुकीचा होता. ती बैठकीला खालून दोन स्क्रूंनी आवळलेली होती. एक स्क्रू ढिला आणि दुसरा पिरगळून घट्ट, म्हणजे वाकण्याची दिशा तिला आधीच मिळाली होती, उष्णतेने फक्त संमती दिली. हे न पाहता मी कढईत उकळते पाणी ओतून अख्खी मोटार त्यात सोडली. अर्ध्या मिनिटात बाजूचे आरसे गळून तळाशी गेले, खिडकीची चकचकीत किनार उचकटली आणि मागल्या काचेत वाफ शिरली, ती आजतागायत बाहेर आलेली नाही. दुसऱ्या खेपेस शहाणपण सुचले. वरचा सांगाडा काढून बाजूला ठेवला आणि केवळ तळाचा भाग दूधडेअरीतला तापमापक लावून साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात तीन-चार मिनिटे धरला, मग आरशाच्या काचेच्या दोन तुकड्यांत घालून, मधोमध पोस्टकार्डाच्या दोन घड्या ठेवून, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळला. पोस्टकार्डाचे प्रयोजन असे की, सरळ केलेली वस्तू थोडी माघार घेते, म्हणून तिला सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावे लागते. रात्रभर ते सर्व माठाशेजारी थंड होऊ दिले. सकाळी पट्टी सोडून तळ काचेवर ठेवला तेव्हा चारही कोपरे एकदम टेकले, आणि बोटाने दाबून पाहिले तरी टकटक आवाज आला नाही. हा आवाज न येण्यासारखा आनंद मी नोकरीत फार थोड्या वेळा अनुभवला.

येथे एक बारकावा आहे, तो कळला नाही तर श्रम वाया जातात. काही रेझिनचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन गोठतात आणि ज्या आकारात गोठले त्याची आठवण धरून राहतात. साच्यात सरळ गोठलेली वस्तू पुढे वाकली असेल, तर तिला ऊब देताच ती आपण होऊन सरळ होऊ पाहते, आपण फक्त वाट मोकळी करायची. उलट साच्यातून अकाली काढल्यामुळे ती मुळातच वाकडी गोठली असेल, तर आपण कितीही सरळ केली तरी पुढच्या वैशाखात ती पुन्हा आपल्या मूळ वाकडेपणावर जाते. म्हणून पहिल्या खेपेस दाब न देता नुसते गरम करून पाहावे आणि ती कोणीकडे वळते याची नोंद करावी. दुसऱ्या जातीच्या मोटारीला पोटाखाली पितळी सळई चिकटवल्यावाचून गत्यंतर नाही.

याहून चमत्कारिक प्रकार ॲसिटेटचा. १९५० च्या दशकात अमेरिकेतील मोटारविक्रेते गिऱ्हाइकांना नव्या मोटारीची वीतभर लांबीची प्रतिकृती देत. तिचे प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट असे आणि त्याला ‘टेनाइट’ हे व्यापारी नाव होते. या मोटारी सावलीत, कपाटात, कोणी हात न लावता केळ्यासारख्या वाकल्या, कारण त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू उडून जाते आणि उरलेला भाग आकसतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांना ज्या जुन्या फितींची चिंता वाहावी लागते, ज्यांच्या डब्यातून शिरक्याचा दर्प येतो, त्याही ॲसिटेटच्याच. हे सारे एकाच कुळातले आजार. फीत आकसली तर तिची नक्कल काढतात, मोटारीची नक्कल काढून मूळचे समाधान होत नाही. गरम पाण्याने तिची कमान थोडी उतरते, पण गेलेली लांबी परत येत नाही, आणि आता तळाचा पत्रा आखूड देहात मावत नाही म्हणून पत्राच कापणारे बहाद्दरही असतात; त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

टायर, काचा आणि डिंक यांचा परामर्श थोडक्यात घेतो. मऊ टायरांतले तेलासारखे द्रव्य पॉलिस्टायरीनला चावते, त्यामुळेच माझ्या बैठकीला खळगे पडले. चाके आणि बैठक यांच्यामध्ये पातळ पॉलिथीनची चकती ठेवली की भांडण मिटते. जुने रबर तडकले तर पंप दुरुस्त करणाराकडच्या ओ-रिंगा कित्येकदा अचूक बसतात. ओरखडलेली पारदर्शक खिडकी टूथपेस्टने, भिजल्या फडक्यावर, धीराने घासली तर उजळते. फेव्हीक्विक खिडकीजवळ आणू नये, त्याच्या वाफेने काचेवर पांढरे धुके धरते. काचेला साधे फेव्हिकॉल पुरते. नखांचा रंग काढायचे ॲसिटोन प्लॅस्टिकवर टाकू नये, कॉस्टिक सोड्यात जस्ताची मोटार रात्रभर भिजत घालू नये: पहिल्याने खिडकी विरघळते, दुसऱ्याने धातूच खाल्ला जातो.

आता मघाशी राखून ठेवलेला प्रश्न. मोटारीचा मूळ रंग खरवडून नवा, सुरेख, कारखान्यातून आत्ताच आली असे वाटेल असा ड्यूको मारावा काय? एक पक्ष म्हणतो, मारावा. वस्तू डोळ्यांना सुख देण्यासाठी असते. त्यांच्या बाजूला आमचा तान्ह्या पोळ्याचा बैल उभा आहे, आणि अहिल्याबाई होळकरांनी देशभर केलेले जीर्णोद्धारही आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, मूळ रंगाचा एक कण उरला असेल तरी त्याला हात लावू नये. त्यांच्या बाजूला १९६४ ची व्हेनिसची सनद आहे, जिने जुन्या वास्तूंविषयी असे ठरवले की, जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापनेचे काम थांबले पाहिजे. बाजारात दुसऱ्या पक्षाची सरशी आहे. रंग दिलेल्या मोटारीची किंमत ताबडतोब उतरते, आणि म्हणूनच रंग दिल्याचे लपवून ती मूळ म्हणून खपवण्याचा मोहही होतो. तिसरीही एक बाजू आहे, ती पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या आणि १९९८ पासून लोकांना खुल्या असलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात दिसते: तेथील गाड्या धावतात, आणि धावणाऱ्या वस्तूचा झिजलेला दाता किंवा चाक बदलल्याबद्दल तिला दोष देणे हा शुद्ध दुराग्रह होय.

मला या वादातून तलाठ्याच्या दफ्तराने सोडवले. जमिनीचा मालक बदलला तर गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि सातबाऱ्यावर पूर्वी जुन्या नावाला कंस करून फेरफाराचा क्रमांक घालीत. जुने नाव वाचता येई, नवेही वाचता येई, आणि एकातून दुसऱ्यात कसे आलो ते कोणासही तपासता येई. याच्या उलट, ब्लेडने शाई खरवडून त्या जागी दुसरे नाव सुरेख अक्षरात लिहिले, तर ते कितीही खरे असो, कचेरीत त्याला खाडाखोड म्हणतात आणि तो कागद संशयित होतो. दोन्हींत बदल आहेच. मोटारीचे तसेच आहे. नवे चाक बसवा, पण जुने चाक पुडीत घालून त्याच पेटीत ठेवा. रंगाचा टवका भरायचा तर तेवढाच भरा आणि भरल्याची जागा बारीक भिंगातून ओळखू येईल अशी ठेवा. जस्तावर चिकटवायचे तर पॅरालॉइड बी-७२ सारखे, संग्रहालयांतले लोक वापरतात ते, ॲसिटोनने पुन्हा सुटणारे द्रव्य वापरा. आणि तारखेसह काय केले ते चिठ्ठीवर लिहा. माझ्या निळ्या मोटारीच्या बैठकीखाली अशी चिठ्ठी आहे, आणि तिच्यात उकळत्या पाण्याचा पहिला प्रयोगही लिहिलेला आहे. पुतण्या म्हणाला, “काका, तेवढं तरी वगळायचं होतं.” वगळले असते, तर मागच्या काचेतल्या धुक्याचा पुढच्या माणसाला उलगडा कसा व्हावा?

हा नियम मी निकीच्या ओघळाला लावतो, डेंटरने अर्धवट राहू दिलेल्या खांबाला लावतो. पोळ्याच्या बैलाला लावत नाही, कारण त्याच्याविषयी कोणी फेरफार मागितलेला नाही. या वर्षी त्याला पुन्हा रंग द्यायचा आहे.

साठवणीविषयी एवढेच की, कपाट मी माडीवरून खाली, उत्तरेच्या भिंतीला आणले आहे. नव्या प्लायवुडच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साचते आणि ती शिसे व जस्त यांना बाधते, म्हणून जुनेच लोखंडी कपाट बरे. पावसाळ्यात हवा सादळते तेव्हा आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दिवाळीच्या आसपास त्या वाळवून घ्याव्यात.

राहिली ती भेगेची मोटार. ती मी मुंबईच्या चोरबाजारातून घेतली होती. तळावरचे नाव झिजून गेलेले, वजनाला अपेक्षेहून जड, आणि विकणाऱ्याने ‘युद्धाआधीची आहे’ असे सांगितले होते, त्यावर मी चांगलाच भुललो. तिला जो रोग झाला आहे तो बाहेरून येत नाही. जस्तात शिसे, कथिल किंवा कॅडमियम यांचा नाममात्र अंश राहिला, हजारात एक भागाहूनही कमी, तरी तो धातूच्या कणांच्या सांध्यांवर जाऊन बसतो; हवेतला ओलावा त्या सांध्यांतून आत शिरतो, आतल्या आत गंज धरतो, आणि गंजाला धातूपेक्षा जागा अधिक लागत असल्यामुळे मोटार फुगते, लांब होते, वाकते आणि शेवटी चुन्याच्या खड्यासारखी फुटते. युद्धपूर्व डिंकी मोटारींत हा रोग पुष्कळ आढळतो. अमेरिकेच्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये झमाक आणला तेव्हा ९९.९९ टक्के शुद्ध जस्ताचा आग्रह याचसाठी धरला होता, परंतु ती शुद्धता प्रत्येक कारखान्याच्या भट्टीपर्यंत पोहोचायला वेळ लागला. पूर्वी शिशाची खेळणी ओतली जात त्याच जागी जस्त वितळू लागले की शिशाचा कण कोठून ना कोठून त्यात पडायचाच. ऊब आणि दमट हवा या रोगाला मानवतात, म्हणजे आमचा श्रावण त्याला फार मानवतो. शेजारच्या मोटारीला तो लागत नाही, एवढाच दिलासा.

हिला सरळ करू जाऊ नये. वाकवताच चुरा होतो. भेगेत अराल्डाइट भरले तर भेग शेजारून वाट काढते. मी तिचा पंचनामा लिहिला, चारी बाजूंनी छायाचित्रे घेतली, पट्टीने लांबी मोजून नोंदवली आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलवर तिला निजवून ठेवले आहे. दर पोळ्याला डबा उघडून मी तीच लांबी पुन्हा मोजतो. पहिल्या वर्षी बॉनेटवरची भेग केसाएवढी होती. यंदा तीत नख शिरते, आणि मोटार पाऊण मिलिमीटरने वाढली आहे.